माझ्या पोटातला भुसा

मी एक जुना लोखंडी गोळा आहे. मैदानावर फेकतात तो. तोफेचा नव्हे! तसं विचारणारी मुलं हमखास भेटतात, म्हणून आधीच सांगून टाकलं. दिसायला मी अगदीच साधा. रंग जागोजागी उडालाय, एका बाजूला सिमेंटवर घासल्याचा ओरखडा आहे. पण मित्रांनो, मला एक खोड आहे. मला प्रत्येक गोष्टीचं कुतूहल वाटतं. ज्याला हात नाहीत, पाय नाहीत, कुणी उचलल्याशिवाय ज्याला जागचं हलता येत नाही, त्याने दुसरं करायचं तरी काय? मी माणसांकडे बघतो आणि विचार करत बसतो.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. आधी मला पोकळ ओतलं, मग लेथवर चढवून गुळगुळीत केलं. शेवटच्या टेबलावर एक मावशी बसलेल्या असायच्या. त्या माझ्या अंगावरच्या भोकातून शिशाचे बारीक छरे पोटात भरायच्या, काट्यावर ठेवायच्या, पुन्हा थोडे भरायच्या. आतलं काही खुळखुळू नये म्हणून ठासून भरायच्या. वजन बरोबर चार किलो झालं की वर पितळी बूच घट्ट पिळायचं आणि ढकलून द्यायचं. माझं बूच पिळताना त्या म्हणाल्या होत्या, "चल, पोट भरलं तुझं. आता पळ." पळणार कुठे? मी घरंगळत जाऊन खोक्यात पडलो.

खोकं उघडलं ते एका क्रीडामंडळात. सुरुवातीला माझा काय थाट होता म्हणून सांगू! मऊ फडक्याने पुसायचे, फळीवर मानाने ठेवायचे. मानेला टेकवून, अंग वळवून मला ढकललं जायचं, तेव्हा तो एक क्षण मी हवेत असायचो आणि खाली सगळे माना वर करून माझ्याकडे बघत असायचे. मला हात ओळखायचा नाद लागला. कुणाचा हात घामेजलेला, कुणाच्या हाताला खडूची पूड, कुणी उचलण्याआधीच घाबरलेलं. मला वाटायचं, ही माणसं एवढ्या लांब फेकतात आणि मग स्वतःच मला परत आणायला का जातात? या प्रश्नाचं उत्तर मला आजही नीटसं मिळालेलं नाही.

मग नवे, चकचकीत गोळे आले आणि माझी रवानगी सामानाच्या खोलीच्या दाराशी झाली. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला तिथे टेकवून ठेवायचे. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या अंगठ्याला ठेच लागली की शिव्या मला! वाईट वाटायचं. पण एक सोय होती. त्या दारातून फेकीचं वर्तुळ समोर दिसायचं. आणि तिथूनच मी बारकीला पहिल्यांदा पाहिलं.

नाव बारकी, पण अंगापिंडाने चांगली दणकट. घरातली सगळ्यात धाकटी म्हणून बारकी, एवढंच. तिच्या आईची लाँड्री होती. बारकी शाळा सुटली की ओल्या चादरींचे पिळे खांद्यावर टाकून गच्चीवर न्यायची, त्यामुळे तिचे दंड असे काही झाले होते की मंडळातली मोठी मुलंही तिच्याशी पंजा लढवायला कांकू करायची. बाबा मालमोटार चालवायचे, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. तिला गोळाफेक शिकवायचे ते तिचे सख्खे काका. मंडळाचे प्रशिक्षकही तेच. भला माणूस. एकदा दुसऱ्या मंडळाच्या मुलाचा बूट फाटला, तर यांनी पायातले काढून दिले आणि स्वतः दिवसभर अनवाणी उन्हात उभे राहिले. मी डोळ्यांनी पाहिलंय. डोळे कुठून आले, ते विचारू नका.

खेळाडूंच्या वसतिगृहात दरवर्षी एका गोळाफेक करणाऱ्या मुलीला जागा मिळायची. स्पर्धेत पहिली येईल तिला. राहणं, खाणं, शिक्षण, सराव, सगळं तिथेच. बारकीला ती जागा हवी होती. आई म्हणायची, "जागा मिळाली तर जा, मी अडवणार नाही. नाही मिळाली तर शाळेनंतरचा सगळा वेळ दुकानात. मला एकटीला आता झेपत नाही गं." आई वाईट नव्हती. तिची कंबर खरंच दुखायची.

अशात बारकी गच्चीच्या जिन्यावरून पडली आणि मनगट मुरगळलं. बरं झालं, पण फेक काही पहिल्यासारखी होईना. जमिनीत रोवलेल्या तिच्या जुन्या खुणेच्या अलीकडेच गोळा पडायचा. एका संध्याकाळी ती माझ्याशेजारी उंबऱ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "काका, मला नाही जमत आता. उद्यापासून मी येत नाही."

ती गेल्यावर काकांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला उचललं, पिशवीत घातलं आणि थेट लेथच्या वर्कशॉपमध्ये नेलं. तिथे माझं बूच काढलं. पोटातले मूठभर छरे एका पत्र्याच्या डबीत ओतले. मोकळी जागा वाजू नये म्हणून तिथे लाकडाचा भुसा ठासला आणि बूच परत बसवलं. माणसं घाबरली की त्यांच्या पोटात गोळा येतो म्हणे. इथे गोळ्याच्या पोटात भुसा आला!

लेथवाल्याने विचारलं, "कशाला हा उद्योग?"

"थोड्या दिवसांपुरतं रे," काका म्हणाले. "पोरीचा धीर खचलाय. जरा लांब पडायला लागला की ती उभी राहील. मग लगेच भरून घेतो परत."

ते खोटं बोलत नव्हते. मी त्यांच्या हातात होतो, मला कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते बारकीच्या घरी गेले, तिला समजावून मैदानावर आणलं आणि मला फडक्याने पुसत म्हणाले, "हा जुना गोळा घे. याची गोलाई तुझ्या हाताला बसेल." तिने मला मानेशी धरलं, वळली, ढकललं. मी जुन्या खुणेवरून गेलो, मित्रांनो! बारकी आधी बघतच राहिली. मग अशी काही ओरडली की झाडावरचे पक्षी उडाले.

"काका, पाहिलंत?"

"पाहिलं," काका म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून मी बारकीचा झालो. ती मला टॉवेलात गुंडाळून ठेवायची. माझ्याशी गप्पा मारायची. "उद्या आणखी लांब जायचं हं" असं बजावायची. मला आवडायचं, खोटं कशाला सांगू? दाराशी पडून शिव्या खाण्यापेक्षा हे कितीतरी बरं. काकांनी तिला सांगून ठेवलं होतं, "दुसऱ्या गोळ्याला हात लावू नकोस. हाताची सवय मोडते." ती बिचारी लावायची नाही.

काका पत्र्याच्या डबीचं विसरले होते असं नाही. एकदा त्यांनी कपाटातून ती काढलेली मी पाहिली. झाकण उघडलं, छऱ्यांकडे बघत राहिले. तेवढ्यात बाहेरून मंडळाचे अध्यक्ष कुणाला तरी सांगत आले, "यंदा वसतिगृहाची जागा आपल्या बारकीचीच, लिहून ठेवा!" काकांनी झाकण लावलं आणि डबी पुन्हा आत ठेवली. मी हलकाच राहिलो.

मला सगळ्यात मोठं कुतूहल याच गोष्टीचं आहे. लेथच्या वर्कशॉपमध्ये जे झालं, ती माया होती. स्पर्धेत जे झालं, ती लबाडी होती. मग मधल्या कोणत्या दिवशी एकाचं दुसरं झालं? मी तर तोच होतो, भुसाही तोच होता. मी रोज आठवून बघतो, पण तो दिवस काही सापडत नाही. मला वाटतं, काकांनाही सापडला नसेल.

स्पर्धा आमच्याच मैदानावर होती. सकाळी सगळे गोळे वजनाच्या खोलीत आले. तिथली पद्धत अशी की गोळा काट्यावर ठेवायचा, वजन भरलं की त्याच्यावर हिरव्या रंगाचा ठिपका द्यायचा, आणि तेवढेच गोळे मैदानात न्यायचे. यजमान मंडळ म्हणून काट्यापाशी काका होते. माझी पाळी आली. त्यांनी मला काट्याजवळ नेलं, टेकवल्यासारखं केलं आणि चटकन ठिपका दिला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. इतका ओळखीचा हात मला त्या दिवशी परका वाटला.

बारकीने मात्र बहार उडवली. फेरीमागून फेरी ती मलाच घेऊन आली आणि दर वेळी मी सगळ्यांच्या पुढे. तिची आई लाँड्रीला कुलूप लावून आली होती. जन्मात पहिल्यांदा भरदिवसा दुकान बंद! दोरीपलीकडून ती ओरडत होती, "शाब्बास गं माझे बाई!" दुसरा क्रमांक होता एका उंच, काटकुळ्या मुलीचा. ती लांबून एकटीच बसने आली होती. स्वतःचा गोळा नव्हता, मैदानातलाच एक घेऊन फेकत होती. आमच्यात आणि तिच्यात फार अंतर नव्हतं.

शेवटची फेरी आली. सगळ्यात शेवटची फेक बारकीची, तिच्या आधी त्या उंच मुलीची. ती गोळ्यांच्या रांगेपाशी आली, वाकली आणि तिने सरळ मलाच उचललं!

आता तुम्ही म्हणाल, दुसरीचा गोळा कसा घेतला? मित्रांनो, गोळाफेकीचा नियमच आहे तसा. ठिपका पडून मैदानात आलेला गोळा कुणा एकीचा राहत नाही. कुणीही तो वापरू शकतं. खेळाडू सहसा आपापल्या सवयीचा गोळा सोडत नाहीत, म्हणून फारसं कुणी घेत नाही, एवढंच. काकांना हा नियम पाठ होता. त्यांनीच कितीतरी मुलांना शिकवला होता. पण आपल्या पोरीच्या नादात ते बाकीच्या मुलींना विसरूनच गेले होते. आणि ती उंच मुलगी सकाळपासून बघत होती की हा गोळा लांब जातोय. तिला वाटलं, आपणही नशीब बघावं.

"तो नको!" काका दोरीपलीकडून किंचाळले. "तो गोळा घेऊ नकोस!"

सगळं मैदान वळलं. मुख्य पंच बाई होत्या, करड्या आवाजाच्या. "का हो? ठिपका आहे ना त्याच्यावर?"

"आहे... पण तो... तो आमच्या मुलीचा आहे."

"प्रशिक्षक असून असं बोलता? मैदानात आला की सगळ्यांचा. फेक गं तू."

मुलीने फेकला. मी बारकीच्या खुणेच्याही हातभर पुढे पडलो. ती उंच मुलगी आनंदाने जागच्या जागी उड्या मारायला लागली. पण मला परत आणून रांगेत ठेवेपर्यंत मी बारकीकडेच बघत होतो. ती काकांकडे बघत होती. पायातले बूट काढून देणारा माणूस एका मुलीला गोळा नाकारतो? तिच्या कपाळाला आठी पडली.

आता फक्त बारकीची फेक उरली होती. ती रांगेपाशी आली. तिने मला उजव्या हातात घेतलं. आणि मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिने डाव्या हाताने शेजारचा गोळा उचलला.

तिचे दोन्ही हात माझ्या ओळखीचे. पिळे वाहून तयार झालेले. त्या हातांना ओल्या चादरीचं आणि कोरड्या चादरीचं वजन कळतं. तिने दोन्ही गोळे खालीवर केले. पुन्हा केले. मग तिने दोरीकडे पाहिलं, तर काका खाली मान घालून उभे होते.

माझ्या भुशाची शपथ, मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. काय ओरडणार होतो, ते मात्र ठाऊक नाही. कारण तिने मला घेऊन मनापासून फेकलं असतं, तर मी नक्की सगळ्यांच्या पुढे पडलो असतो. जागा तिची झाली असती. कुणाला काही कळलं नसतं, काकांची अब्रू राहिली असती. आई तिकडे हात उंचावून उभी होती.

बारकीने दुसरा गोळा खाली ठेवला आणि मला घेऊन ती पंचबाईंकडे गेली.

"बाई, हा गोळा काट्यावर ठेवा."

"सकाळी ठेवलाय की."

"परत ठेवा."

काटा मैदानात आणला. मला त्यावर ठेवलं. खरं सांगतो, आयुष्यात इतकी लाज मला दाराशी पडून असतानाही वाटली नव्हती. काटा चारवर पोचलाच नाही. पंचबाई वाकून बघत राहिल्या. मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "हे कुणी केलं?"

बारकीने तोंड उघडलं, पण काका दोरी ओलांडून पुढे आले. "मी केलं. पोरीला यातलं काही माहीत नाही. तिला काही बोलू नका."

मग जे व्हायचं ते झालं. मला घेऊन केलेल्या सगळ्या फेकी रद्द. म्हणजे बारकीच्या आतापर्यंतच्या सगळ्याच. त्या उंच मुलीचीही शेवटची रद्द, आधीच्या मात्र राहिल्या. ती मुलगी माझ्याकडे बघत उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"मला वाटलं, मी फेकला," ती म्हणाली.

"मलाही वाटलं होतं," बारकी म्हणाली.

मग पंचबाईंनी निकाल दिला की उंच मुलीने शेवटची फेक पुन्हा करावी आणि बारकीने आपली उरलेली एक फेक करावी, दोघींनीही खऱ्या गोळ्याने. उंच मुलीने फेकला. तिच्या आधीच्या खऱ्या फेकींइतकाच गेला. बारकीने खरा गोळा उचलला, मानेशी टेकवला. मी बाजूला पंचांच्या टेबलावर होतो. तिने सगळा जीव एकवटून ढकलला. गोळा धप्पकन पडला. काही मुलींच्या खुणांच्याही अलीकडे.

जागा त्या उंच मुलीला मिळाली. आणि ती तिचीच होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

बारकी गोळा पडला होता त्या खळग्याशी गेली, उकिडवी बसली. काका भीत भीत तिच्या मागे जाऊन उभे राहिले. तिने वर न बघता विचारलं, "काका, ही माझी फेक ना?"

"हो. ही तुझी."

"मग इतके दिवस मी कुणाच्या मोजत होते?"

एवढा मोठा माणूस, मैदानाच्या मधोमध हमसून हमसून रडायला लागला. "तुझा धीर खचू नये म्हणून गं..." एवढंच त्यांना बोलता आलं.

"खचला असता तर खचला असता," बारकी म्हणाली. आता तीही रडत होती. "मला कळलं तरी असतं मी कुठे आहे ते."

तेवढ्यात तिची आई आली. मला वाटलं, आता ती दिराला फाडून खाणार. तिने आधी लेकीच्या पाठीवर हात ठेवला. खळगा बघितला. मग काकांकडे वळून म्हणाली, "भावजी, मंडळ आता तुम्हाला काही ठेवून घेत नाही. उद्यापासून दुकानात या. पिळे गच्चीवर न्यायला माणूस लागेल मला. या पोरीला सरावाला वेळ हवाय."

बारकीने वर पाहिलं. आई म्हणाली, "बघतेस काय? गोळा कुठून पुढे न्यायचाय ते कळलं ना आता? मग ने."

मित्रांनो, मला पुन्हा कुणी भरलं नाही. पंचबाईंनीच मागून घेतलं आणि वजनाच्या खोलीत ठेवलं. स्पर्धेच्या सकाळी त्या नव्या मुलांच्या एका हातात मला देतात, दुसऱ्या हातात खरा गोळा देतात आणि विचारतात, यातला बरोबर कोणता? बहुतेक मुलं मलाच बरोबर म्हणतात. का, तर हातात छान वाटतो म्हणून. मी काय बोलणार?

तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुमच्या हातात हलका गोळा देणारा माणूस दर वेळी तुमचा वैरी असतो असं नाही. तो तुमच्यावर जीव टाकणाराही असू शकतो. म्हणून माझ्यासारखी खोड लावून घ्या. विचारत जा. हे माझंच आहे का? एवढंच आहे का? उत्तर आवडलं नाही तर रडून घ्या, पण विचारायचं सोडू नका.

बाकी बारकीचं म्हणाल, तर वजनाच्या खोलीच्या खिडकीतून मला ती रोज दिसते. मंडळाने काकांना वर्षभर दूर ठेवलं. मग तिनेच अध्यक्षांना भेटून त्यांना परत आणलं. शिकवतात ते चांगलंच. पण सराव सुरू करायच्या आधी ती गोळा काट्यावर ठेवते, काकांना समोर उभं करते आणि वजन वाचायला सांगते. मोठ्याने. काका वाचतात, आणि मगच ती गोळा उचलते.